शिष्यवृत्ती मिळाली, तीन अनोळखी देशांत शिकायचे आहे, पण आता भीती वाटते. काय करू?

तू लिहिलेस की तू गोव्यातल्या पेडण्याजवळची, इरास्मस मुंडसची (युरोपीय संघाच्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांची) शिष्यवृत्ती मिळाली आहे, दोन वर्षांत तीन देश आहेत आणि सप्टेंबरात निघायचे आहे. निवड झाल्याची मेल आली तेव्हा आनंदाने झोप उडाली होती, आता भीतीने उडाली आहे. भाषा, जेवण, एकटेपणा, नापास झाले तर, आणि घरी एकटी आई. मी डिचोलीची, काही वर्षांपूर्वी याच वाटेने गेलेली. वयाने मोठी आहे म्हणून 'तू' म्हणते.

तुझा प्रश्न दोनदा वाचला. त्यातली सगळी भीती पहिल्या देशाची आहे. माझीही तशीच होती. पण मला खरा त्रास झाला तो दुसऱ्या देशात, आणि हे मला आधी कोणीच सांगितले नव्हते.

पहिले वर्ष पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला, फारोला होते. घरमालकीण सत्तरीची, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या संध्याकाळी तिने मला खोली दाखवली. किल्ली वर धरून म्हणाली, "शाव." खिडकी उघडून, "जनेला." न्हाणीघरातली बादली दाखवून, "बाल्द." माझ्या आजीच्या तोंडी अजून जनेल आणि बाल्दीच आहे. पाच हजार मैलांवर ते शब्द ऐकून मला एकदम रडूच आले, आणि त्या बाईने काही न विचारता मला खुर्चीवर बसवले. अर्थात वीसपंचवीस शब्दांनी भाषा येत नाही. बँकेच्या काउंटरवर मी कित्येक महिने नुसती मान हलवत होते. तरी ते वर्ष बरे गेले, कारण वर्गातले सगळेच नवखे होते. सगळे एकत्र वाट चुकायचो, एकत्र स्वयंपाक करायचो.

मग दुसऱ्या वर्षी बेल्जियम, घेंट. विषयांप्रमाणे वर्ग फुटला, जवळच्या मैत्रिणी दुसऱ्या देशांत गेल्या. पोर्तुगीज जेमतेम जिभेवर बसत होती तर आता कानावर डच. फारोच्या बाजारातली मासळीवाली मला ओळखायला लागली होती, ती तिकडेच राहिली. डिसेंबराच्या मध्यात तिथे सकाळी साडेआठलाही सूर्य उगवलेला नसतो आणि पाचच्या आत तो मावळतो. एकदा सगळे जमवले होते, आता पुन्हा का जमत नाही, आपल्यातच काही कमी आहे का, असे वाटायला लागते. कमी काही नसते. तुला ऑक्टोबर-नोव्हेंबरात असे वाटले तर हे उत्तर आठव, एवढ्याचसाठी मी ते लिहिते आहे.

तिथला एक प्रसंग सांगते. घेंटला नगरपालिकेत पत्ता नोंदवला की तू खरोखर तिथे राहतेस का हे पाहायला त्या भागातला पोलिस घरी येतो. मी हे वाचलेले होते. तरी बेल वाजली, दारात गणवेश दिसला आणि माझे पाय लटपटले. आपल्या वाड्यावर पोलिस दारात आला की काय बोलतात ते तुला ठाऊक आहे. त्याने कागद पाहिले, मग बेलकडे बोट दाखवले. तिथे माझे नाव नव्हते. आडनावाचे एकेक अक्षर विचारून त्याने चिठ्ठीवर लिहिले, स्वतःच्या हाताने बेलखाली चिकटवली आणि निघून गेला. पाच मिनिटांचे काम. त्या दिवसापर्यंत मी त्या घरात पाहुण्यासारखी राहत होते. दुसऱ्या रविवारी पहिल्यांदा एकटी बाहेर पडले आणि कौटर चौकातल्या फुलांच्या बाजारात गेले. पुढे दर रविवारी गेले. फुले क्वचितच घेतली. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी जायचे, इतकेच. तूही प्रत्येक देशात पहिल्याच आठवड्यात असे एक ठिकाण धर.

आता कागद. पोर्तुगालचा शिक्षणासाठीचा निवासी व्हिसा चार महिन्यांचा असतो. त्या मुदतीत तिथे निवास परवान्याची प्रक्रिया करायची असते, म्हणून तारखेचा पाठपुरावा पहिल्या दिवसापासून कर. पुढच्या देशासाठी युरोपीय संघाचा 2016 चा नियम उपयोगी पडतो. ठरावीक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांना त्याखाली दुसऱ्या सदस्य देशात 360 दिवसांपर्यंत शिकता येते. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात नाहीत. तुझा अभ्यासक्रम त्यात बसतो की वेगळा व्हिसा लागेल हे समन्वयकाला आत्ताच मेल करून विचार. जन्मदाखला आणि पदवीवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) गोव्यात असतानाच करून घे. आणि दुसऱ्या देशातली खोली फेब्रुवारी-मार्चमध्येच शोधायला लाग. मी जूनपर्यंत थांबले आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा खोल्याच बघत होते.

गावात लोक विचारतील, "पोर्तुगीज पासपोर्ट काढलास का?" मलाही विचारत. 19 डिसेंबर 1961 च्या आधी इथे जन्मलेल्यांच्या वंशजांची ती वाट वेगळी, तुझा विद्यार्थी व्हिसा वेगळा. त्या चर्चेत वेळ घालवू नकोस.

शिष्यवृत्ती महिन्याला 1,400 युरो. फारोला त्यात छान भागते, शिल्लकही पडते. पण पहिला हप्ता माझ्या हाती आला तो तिथे खाते उघडल्यावरच. खोलीची अनामत आणि पहिला महिना धरून मी दीड हजार युरो सोबत नेले होते, ते जवळजवळ सगळे लागले.

नापास होण्याचे म्हणशील तर पोर्तुगाल आणि बेल्जियम दोन्हीकडे गुण 20 पैकी देतात आणि 10 ला पास. माझा पहिला पेपर 14 चा आला. आयुष्यभर ऐंशीच्या वर राहिलेली मी, खोलीचे दार लावून बसले. दुसऱ्या दिवशी सरांनी शाबासकी दिली तेव्हा कळले की तिथे 14 चांगले असतात.

जेवणाचे म्हणशील तर आई आपल्या बॅगेत पुरुमेंतच (पावसाळ्याची बेगमी) भरायला बसते. तिला सांग, तूप, पेढे, खवा, दुधाचे आणि मटणाचे काही नको, बाहेरून येणाऱ्याला ते युरोपात नेता येत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले सुके बांगडे मात्र चालतात, माशांना 20 किलोपर्यंत मुभा आहे. नारळ चालतो, आंबा कागदपत्राशिवाय चालत नाही. सोलां (आमसुले) आणि तिरफळांसाठी जागा ठेव. उकडा तांदूळ नेऊ नकोस, वजनात परवडत नाही.

आणि आई. तू सर्वात शेवटी तिचे लिहिलेस, पण मला वाटते झोप उडाली आहे ती तिच्यामुळेच. मी निघाले तेव्हा माझी आईही घरात एकटी होती. रोज फोन करीन असे वचन मी दिले आणि दुसऱ्याच आठवड्यात मोडले. ती रात्री नऊपर्यंत वाट बघत बसायची आणि मी प्रयोगशाळेत. हिवाळ्यात आपले रात्रीचे आठ म्हणजे पोर्तुगालचे दुपारचे अडीच, ऐन तासाची वेळ. शेवटी आम्ही बुधवार आणि रविवार ठरवले. मी तिला सबंध सत्राच्या तारखा लिहून पाठवल्या, तिने त्या कालनिर्णयवर पेनाने उतरवल्या. परीक्षेच्या दिवशी ती फोन करत नसे. सकाळी उठून देवाकडे दिवा लावायची आणि मी पेपर सुटल्यावर कळवायची वाट बघायची. तुझ्या विद्यापीठाचे वेळापत्रक मिळाले की आधी तिला दे.