कॉलवर सगळे 'हो' म्हणतात, शुक्रवारी हातात काहीच नाही

तुम्ही विचारलंय, तीन देशांतली टीम मिळाली आहे, कॉलवर सगळे 'हो' म्हणतात आणि काम येत नाही, तर कोणत्या देशाबद्दल काय वाचू? वाचा जरूर, पण त्याने हा 'हो' उलगडणार नाही.

अमुक देशाचे लोक असे, तमुकचे तसे, ही यादी मीही पाठ केली होती. असल्या याद्यांमागे बऱ्याचदा डच समाजमानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड असतात. त्यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या १ लाखाहून जास्त प्रश्नावल्या तपासल्या. पण ते आकडे देशाच्या सरासरीचे, एकेका माणसाला लावायचे नाहीत, हे त्यांनीच बजावलं होतं. (नेमकं तेवढंच कोणी पाठ करत नाही.)

मला अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांची १९७६ची मांडणी जास्त कामी आली. काही ठिकाणी अर्थ शब्दांत असतो, काही ठिकाणी शब्दांच्या आजूबाजूला: कोणासमोर बोललं, किती थांबून, काय गाळून. जपानी सहकाऱ्याचं 'हाय' (जपानीतला 'हो') पुष्कळदा 'ऐकलं' एवढंच असतं, 'कबूल' नव्हे.

एकदा मी विचारलं, "गुरुवारपर्यंत जमेल ना?" चार सेकंद शांतता, मग "प्रयत्न करू." मी तो होकार धरला आणि पुढे कळवूनही टाकलं. गुरुवारी काही आलं नाही. चिडून साहेबांना कॉपीत ठेवून मेल केला. पुढचे दोन महिने त्या माणसाने मला एकही अडचण सांगितली नाही. नकार त्याने दिला होता, मला तो ऐकू आला नव्हता.

तेव्हापासून वहीत दोन रकाने करतो. डावीकडे घडलं ते: 'चार सेकंद गप्प'. उजवीकडे मी लावलेला अर्थ, आणि त्याखाली दुसरा एक तरी शक्य अर्थ. दुसरा सुचला नाही तर मेल पाठवायचा नाही. प्रश्नही बदलला. 'जमेल ना?'ऐवजी "गुरुवारी द्यायचं तर कोणतं काम मागे पडेल?" तेही चारचौघांत नाही, एकट्याला आणि लिहून, परक्या भाषेत विचार करायला वेळ मिळतो.

याउलट कोणी तोंडावर "हे चुकलंय" म्हणेल. झोंबतं, पण ते बहुधा कामाबद्दल असतं.

आणि दोन्हीकडचं कळणारा एखादा सहकारी गाठून आधी विचारा, माझंच काय खटकतं? मला उत्तर मिळालं, "तुमच्या प्रत्येक मेलच्या विषयात 'तातडीचं' असतं, म्हणून आम्ही ते सावकाश उघडतो."