थुंकीत कॅन्डिडा ही बुरशी, रक्ताचं कल्चर निगेटिव्ह. मग आयसीयूत अँटिफंगल, म्हणजे बुरशीवरचं औषध, कशासाठी?

तुमच्या वडिलांच्या रिपोर्टपैकी थुंकीचा रिपोर्ट मी सर्वांत कमी धरेन. कॅन्डिडा तोंडात आणि आतड्यात एरवीही असतो, अँटिबायोटिक्सचा मारा झाला की फोफावतो. त्याचा न्यूमोनिया फार क्वचित होतो. कॅथेटरच्या लघवीत सापडला तर आधी कॅथेटर बदलून नमुना पुन्हा घ्यावा.

रक्ताच्या कल्चरमध्ये नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात; त्याच्या 'निगेटिव्ह'वरही निश्चिंत होऊ नका. कॅन्डिडा आतल्या अवयवांत पसरलेला असतानाही कल्चर साधारण निम्म्याच वेळा पॉझिटिव्ह येतं. त्यात रक्त कमी घेतलं जातं. मोठ्या माणसाचं एका बाटलीत ८ ते १० मिली हवं, दोन वेगळ्या जागांहून दोन सेट, म्हणजे चार बाटल्या. 'पेशंट आधीच अशक्त आहे' म्हणत तीन-चार मिलीवर भागवलं की निकालाला अर्थ राहत नाही. पुण्यातल्या लहान नर्सिंग होममधून नमुना बाहेरच्या लॅबला जातो; तोवर बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते, हेही विचारून घ्या. ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी तर रक्ताच्या कल्चरमध्ये जवळजवळ कधीच उगवत नाही.

म्हणून डॉक्टर रिपोर्टआधी जोखीम बघतात: सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), पोटाचं ऑपरेशन, शिरेतून दिलेलं पोषण, लांबलेली अँटिबायोटिक्स. रिपोर्टसाठी अँटिफंगल थांबवून ठेवणं महागात पडतं. बीटा-डी-ग्लुकन ही बुरशीचा अंश शोधणारी रक्ततपासणी निगेटिव्ह आली तर जास्त कामाची, कारण डायलिसिस, अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, इतकंच काय जखमेतल्या गॉजमुळेही ती खोटी पॉझिटिव्ह येते.

मात्र म्युकर ही बुरशी या तपासणीत दिसतच नाही. २०२१ मध्ये 'काळी बुरशी' म्हणून गाजलेला हाच. डायबेटिस असून नाक किंवा डोळ्याभोवती दुखत-सुजत असेल तर तिथल्या मांसाचा तुकडाच काढावा लागतो आणि केओएच हे रसायन लावून मायक्रोस्कोपखाली त्याच दिवशी बघता येतो: रुंद, फितीसारखे, जवळपास पडदे नसलेले धागे. गडबड होते ती इथेच. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की बुरशी मरते, कल्चर संपलं. अर्धा निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा पाठवायचा. लॅबनेही तो कुटायचा नाही, बारीक कापायचा. कुटला की धागे मरतात, कल्चर कोरं येतं आणि घरचे म्हणतात, 'बुरशी नव्हतीच.'

रक्तात यीस्ट (कॅन्डिडासारखी बुरशी) उगवलंच तर नेमकी जात आणि औषधांची सेन्सिटिव्हिटी मागा. कॅन्डिडा ऑरिस या जातीला जात ओळखणाऱ्या काही मशिन्स, विशेषतः जुना डेटाबेस असलेल्या, चुकून कॅन्डिडा हिम्युलोनी ही दुसरी जात म्हणतात आणि ऑरिसवर फ्लुकोनाझोल हे अँटिफंगल बहुतेकदा चालत नाही.