क्रॉनिक मायग्रेनमुळे अमेरिकेत डिसॅबिलिटी बेनिफिट मिळतो का? अर्ज कसा करायचा?

तुम्ही विचारलंय की वय ३६, अमेरिकेत सात वर्षं नोकरी झाली, आता महिन्यातले अर्ध्याहून जास्त दिवस मायग्रेनमध्ये जातात, एमआरआय मात्र नॉर्मल आहे. अशा वेळी सोशल सिक्युरिटीची (अमेरिकी सरकारची सामाजिक विमा योजना) डिसॅबिलिटी मिळते का, आणि कशी मागायची?

मिळते. पण नुसत्या निदानावर मिळत नाही. महिन्यातले किती दिवस आणि दिवसातले किती तास तुम्ही कुठल्याही नोकरीच्या कामाचे राहत नाही, हे किमान १२ महिने चाललंय किंवा चालणार आहे असं कागदावर दिसावं लागतं. मायग्रेनचे बरेच अर्ज नाकारले जातात ते आजार खोटा वाटला म्हणून नाही, तर फाईलमध्ये हे आकडेच नसतात म्हणून.

आधी पात्रता बघून घ्या. एसएसडीआय (सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी इन्शुरन्स) हा पगारातून कापल्या गेलेल्या करावर मिळणारा विमा आहे. ३१ ते ४२ या वयात २० क्रेडिट (कर भरलेल्या कमाईवर जमा होणारे गुण) लागतात आणि ती मागच्या १० वर्षांत मिळवलेली असावी लागतात. वर्षाला जास्तीत जास्त ४ क्रेडिट, म्हणजे सात वर्षांत तुमची भरली असणार. तरी सोशल सिक्युरिटीच्या वेबसाईटवर खातं उघडून खात्री करा. भारतातल्या नोकरीची वर्षं यात धरत नाहीत, कारण दोन देशांत तसा करार नाही. ग्रीन कार्ड नसलं तरी कामाच्या परवानगीवर मिळालेला सोशल सिक्युरिटी नंबर आणि कायदेशीर वास्तव्य असेल तर एसएसडीआय मिळू शकतो. मात्र एच-१बी वर असाल तर नोकरी सोडली की व्हिसाचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा राजीनाम्याच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. दुसरी अट कमाईची. कमाई ठरलेल्या मर्यादेच्या वर (२०२५ मध्ये ती महिन्याला १,६२० डॉलर होती) असेल तर अर्ज पहिल्याच पायरीवर थांबतो, वैद्यकीय कागद कुणी उघडतही नाही. ही मर्यादा दरवर्षी बदलते.

आता खरा मुद्दा. सोशल सिक्युरिटीच्या आजारांच्या यादीत, जिला ‘ब्लू बुक’ म्हणतात, मायग्रेन नाही. त्यामुळे अनेक जण तिथेच हातपाय गाळतात. पण २०१९ मध्ये त्यांनीच एसएसआर १९-४पी नावाचा निर्देश काढला. डोकेदुखीचे अर्ज कसे तपासायचे ते त्यात लिहिलंय, आणि ब्लू बुकमधलं सगळ्यात जवळचं कलम म्हणून अपस्माराचं (फिट येण्याच्या आजाराचं) ११.०२ धरलंय. औषधं नीट घेऊनही सलग तीन महिने आठवड्याला किमान एक झटका येत असेल तर ११.०२ बी शी बरोबरी दाखवता येते. दोन आठवड्यांतून एक असेल तर ११.०२ डी, पण त्यासाठी एकाग्रता, स्मरणशक्ती, लोकांशी वागणं यांसारख्या एखाद्या क्षेत्रात ठळक मर्यादाही दाखवावी लागते. वकील आणि डॉक्टर दोघांनाही या निर्देशाचा नंबर सांगा. पुष्कळ डॉक्टरांनी तो पाहिलेला नसतो.

त्या निर्देशाप्रमाणे फाईलमध्ये काय हवं? तपासणी करून आणि इतर कारणं वगळून केलेलं निदान. इथे तुमचा नॉर्मल एमआरआय उलट कामाचा आहे, कारण गाठ किंवा रक्तस्राव नाही हे त्यातून सिद्ध होतं. मायग्रेन एमआरआयवर दिसत नाही, हे तपासणाऱ्यांनाही माहीत असायला हवं. तरी डॉक्टरांच्या नोंदीत तसं एक वाक्य असू द्या. निदान करणारी व्यक्ती एमडी, डीओ (ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर), नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंट यांपैकी असावी. कायरोप्रॅक्टरचं (हाताने मणक्यावर उपचार करणाऱ्याचं) निदान चालत नाही. न्यूरॉलॉजिस्ट असेल तर उत्तम. नोंदीत ‘हेडेक’ एवढंच न लिहिता ‘क्रॉनिक मायग्रेन’ असं लिहिलेलं हवं. त्याची व्याख्या ठरलेली आहे: तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले किमान ८ दिवस मायग्रेनच्या लक्षणांचे.

आणि एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांची राहून जाते. झटका चालू असताना तो डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहून सविस्तर लिहिलेला असावा अशी अपेक्षा असते. मायग्रेनचा रुग्ण तर बरं वाटेल तेव्हाच दवाखान्यात जातो. डोकं ठणकत असताना अपॉइंटमेंट रद्द करतो. मग वर्षभराच्या नोंदीत ‘रुग्ण आज बरा दिसतो’ एवढंच उरतं. म्हणून एखाद्या वेळी झटक्यातच जा, कुणाला तरी गाडी चालवायला लावून. ते जमत नसेल तर नवरा, बायको, आई किंवा जे कुणी घरी झटका बघतात त्यांना बरोबर न्या आणि त्यांनी काय पाहिलं ते डॉक्टरांनी नोंदीत घ्यावं असं सांगा. नातेवाइकाने नुसतं पत्र लिहिण्यापेक्षा तेच डॉक्टरांच्या नोंदीत आलं तर त्याला वजन जास्त.

डायरी आजपासून सुरू करा, आणि इंग्रजीत ठेवा, म्हणजे नंतर भाषांतराची भानगड नको. ‘खूप डोकं दुखलं’ याचा उपयोग नाही. नोंद अशी हवी: ‘मंगळवार, पहाटे ५ ला जाग, डाव्या डोळ्यामागे ठणका, १० पैकी ८. ५:१५ ला सुमाट्रिप्टान १०० मिलिग्रॅम. ७ ला उलटी. दुपारी २ पर्यंत अंधार करून पडून. नंतर दुखणं ३, पण स्क्रीन बघवत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत, रात्री ९ पर्यंत.’ शेवटचा भाग लोक लिहीतच नाहीत. दुखणं उतरल्यावरचे ते तास कामाच्या दृष्टीने तितकेच वाया गेलेले असतात, आणि निकाल कामावरच होतो. चांगले दिवसही लिहा. सगळे ३० दिवस १० पैकी १० लिहिलेली डायरी कुणी खरी मानत नाही. दर भेटीला डायरीची प्रत डॉक्टरांना देऊन ती तुमच्या रेकॉर्डला लावायला सांगा. नुसती घरात ठेवलेली वही ऐनवेळी पुढे केली तर तिचा प्रभाव कमी पडतो.

डायरी आणि फार्मसी जुळली पाहिजे. महिन्याला १२ वेळा ट्रिप्टान (सुमाट्रिप्टानसारखं झटका थांबवणारं औषध) घेतलं म्हणायचं आणि नऊ गोळ्यांचं पाकीट तीन महिन्यांत एकदा उचललेलं, असं दिसलं तर अडचण. उलट बाजूही आहे: ट्रिप्टान महिन्याला १० किंवा जास्त दिवस, किंवा आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर औषधांच्या अतिवापरामुळे होणाऱ्या डोकेदुखीची शंका घेतली जाते. मग ‘गोळ्या कमी केल्या की सुधारेल’ असा शेरा बसतो. त्यावर डॉक्टरांशी उघड बोला आणि गोळ्या कमी करण्याचा प्रयत्न केला असेल तर त्याची नोंद होऊ द्या. प्रतिबंधक औषधांची पूर्ण यादी लागते: टोपिरामेट, प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, सीजीआरपीची इंजेक्शनं, बोटॉक्स (दर १२ आठवड्यांनी, १५५ युनिट). प्रत्येकाचा डोस, किती महिने घेतलं, का थांबवलं. टोपिरामेटने शब्द अडखळतात, अमिट्रिप्टिलिनने झोप येत राहते. हे दुष्परिणामही मर्यादा म्हणून धरतात, त्यामुळे ते सोसून गप्प बसू नका. विम्याने नाकारल्यामुळे किंवा पैशाअभावी उपचार सुटला असेल तर ते कारण लिहा, नाहीतर ‘उपचार पाळले नाहीत’ असा अर्थ लावला जातो.

डॉक्टरांकडून पत्र घ्याल तेव्हा ‘हा रुग्ण पूर्णपणे डिसेबल्ड आहे’ असं लिहून घेऊ नका. तो निर्णय सोशल सिक्युरिटीचा असतो, २०१७ पासूनच्या नियमांत अशा वाक्याला किंमतच नाही. महिन्याला किती झटके, प्रत्येक किती तास, त्या वेळी आडवं पडावं लागतं का, उजेड-आवाज-स्क्रीन किती सहन होते, महिन्याला किती गैरहजेरी होईल, हे लिहून घ्या. अपिलाच्या सुनावणीत व्होकेशनल एक्स्पर्ट, म्हणजे नोकऱ्यांचा जाणकार, बसलेला असतो. महिन्यातून दोन-तीन दिवस दांडी मारणाऱ्याला कुणी कामावर ठेवेल का, असं त्याला विचारलं की उत्तर बहुधा ‘नाही’ येतं. ब्लू बुकच्या कलमात न बसणारे मायग्रेनचे अर्ज बहुतेक याच वाटेने मंजूर होतात.

अर्ज ऑनलाईन करता येतो. सोबत एसएसए-३३६८ हा आजाराचा फॉर्म आणि एसएसए-८२७ ही रेकॉर्ड मागवण्याची संमती. पुढे राज्याचं कार्यालय एसएसए-३३७३, म्हणजे रोजच्या कामकाजाचा फॉर्म पाठवतं. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान याच फॉर्मवर होतं. ‘स्वयंपाक करता का?’ यापुढे लोक सवयीने ‘हो’ लिहितात. लिहायचं असं: ‘बरं असेल त्या दिवशी, महिन्यातून १०-१२ वेळा, २० मिनिटांत होणारं काहीतरी. झटक्यात गॅसजवळ उभं राहवत नाही, वासाने मळमळतं, घरचे करतात.’ गाडी चालवणं, बाजार, कपडे, सगळ्याला तसंच: किती वेळा, किती वेळ, वाईट दिवशी काय. आपल्याकडे दुखणं झाकून ‘चाललंय’ म्हणायची सवय असते. या फॉर्मवर ती महाग पडते. सोशल सिक्युरिटीने त्यांच्या डॉक्टरकडे तपासणीला बोलावलं तर जा. ती मोफत असते आणि टाळली तर त्याच कारणावर नकार येऊ शकतो.

नकाराचं पत्र आलं तर नवा अर्ज भरू नका, अपील करा. पत्र मिळाल्यापासून ६० दिवस असतात, आणि पत्र तारखेनंतर ५ दिवसांनी मिळालं असं धरतात. नवा अर्ज केला की मागच्या महिन्यांचे तुम्हाला मिळायचे पैसे, म्हणजे थकबाकी, बुडू शकते. आधी फेरविचार, मग प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी. सगळे पुरावे सुनावणीच्या किमान ५ कामाच्या दिवसांपूर्वी द्यावे लागतात. वकील इथपर्यंत तरी घ्याच. जिंकलात तरच त्यांची फी, तीही थकबाकीच्या २५ टक्के, आणि नेहमीच्या करारात नोव्हेंबर २०२४ पासून कमाल ९,२०० डॉलर.

मंजुरी मिळाली तरी अपंगत्व सुरू झालं त्या तारखेपासूनचे पहिले पाच पूर्ण महिने पैसे मिळत नाहीत, आणि मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) एसएसडीआयचा हक्क सुरू झाल्यानंतर २४ महिन्यांनी मिळतो. तोवर नोकरी सुटलेली नसेल तर एफएमएलए (आजारपणाच्या रजेचा कायदा) वापरा: वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा, तुकड्या-तुकड्यांनी, झटका येईल त्या दिवशी घेता येते. त्यासाठी त्या कंपनीत १२ महिने आणि मागच्या वर्षात १,२५० तास काम झालेलं असावं, आणि ७५ मैलांत कंपनीचे ५० कर्मचारी असावेत. त्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात डॉक्टर झटक्यांची संख्या आणि लांबी लिहितात, आणि एचआरकडे गैरहजेरीचा हिशेब तारखेनिशी राहतो. दोन्हींच्या प्रती काढून ठेवा आणि अर्जाला लावा. कंपनीचा लाँग टर्म डिसॅबिलिटी विमा असेल तर त्याची पॉलिसी पूर्ण मागवून वाचा. काही पॉलिसींत डोकेदुखीसारख्या ‘रुग्णाने सांगितलेल्या’ लक्षणांसाठी २४ महिन्यांचीच मर्यादा असते, आणि ते कलम आतल्या पानांवर असतं.