वडिलांना गोळ्या सुरू असूनही रक्तदाब वाढलेलाच राहतो. समुपदेशनाचा खरोखर उपयोग होतो का?

होय, होतो. उच्च रक्तदाब बहुधा काहीच त्रास जाणवू देत नाही, म्हणून बरे वाटताच गोळी थांबवली जाते, आणि समुपदेशनाची सुरुवात याच समजुतीपासून व्हावी. चांगला समुपदेशक 'मीठ कमी करा' एवढ्यावर थांबत नाही. जळगाव-धुळ्याकडच्या घरात मीठ हे शेव, बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, लोणचे आणि ठेच्यातून किती येते, हे तो स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही सोबत बसवून मोजतो, कारण प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा आहे. भरीत-भाकरी सोडावी लागत नाही, हे कळल्यावर वडीलही ऐकतील. सांगितलेले त्यांच्याकडून, अगदी अहिराणीत का होईना, त्यांच्याच शब्दांत वदवून घ्यावे. गोळ्यांतील बदल मात्र डॉक्टरांनीच करावा.