डाळ सोडू की सुकट?

प्रश्न : बाबांना मधुमेह आहे, वजन ६० किलो. लघवीतून प्रथिनं जातात, युरिक ॲसिड ७.८. डाळ बंद करू का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : डाळ बंद करू नका, ताई. डायलिसिस नसताना किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे बाबांना रोज साधारण ४८ ग्रॅम प्रथिनं हवीतच. वाटीभर घट्ट वरणात जेमतेम सहा-सात! प्रोटीन पावडर मात्र नको. युरिक ॲसिड वाढवतात ती कलेजी, सुकी मासळी, गोड शीतपेयं. माझ्या दवाखान्यात डाळ लगेच सुटते, सुकट सोडायला कोळीवाड्यातले आजोबा काही तयार होत नाहीत. सांधे सुजत नसतील, तर युरिक ॲसिडच्या गोळीचा हट्ट धरू नका. टाइप १ मधुमेहींवरच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲलोप्युरिनॉल या अशाच गोळीने युरिक ॲसिड उतरलं, पण मूत्रपिंडाला फायदा दिसला नाही. रक्तदाब, साखर सांभाळा. लोणचं-पापड आधी काढा.