शेड्यूलर म्हणजे वेळापत्रक नव्हे

प्रश्न: पुण्यातल्या आमच्या टीमसाठी कुबरनेटिसची (अनेक मशीनच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, प्रोग्राम चालवणाऱ्या प्रणालीची) माहितीपुस्तिका मराठीत लिहितोय. ‘क्लस्टरवर वर्कलोड शेड्यूलर इन्स्टॉल करणे’ याला ‘कार्यभार वेळापत्रक स्थापित करणे’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार, कारण अर्थच बदलतो. वेळापत्रक ‘कधी’ ते सांगतं; कुबरनेटिसचा शेड्यूलर ‘कुठे’ ते ठरवतो. नवा पॉड (चालवायच्या प्रोग्रामचं एकक) आला की ज्या नोडवर (क्लस्टरमधल्या मशीनवर) पुरेसा सीपीयू किंवा मेमरी शिल्लक नाही ते तो आधी गाळतो, उरलेल्यांना गुण देतो आणि सर्वाधिक गुणांच्या नोडला पॉड देतो. घड्याळ पाहून काम सुरू करणारा क्रॉनजॉब वेगळा. त्याच्या बाबतीत वेळापत्रक खुशाल म्हणा.

स्वारगेटला जरा वेळ उभं राहा. साताऱ्याची गाडी किती वाजता, ते वेळापत्रकात असतं. तरी हातात पिशव्या घेतलेल्या आजी विचारतात, “सातारा कुठं लागते हो?” हेच आपलं क्रियापद! गाडी फलाटाला लागते, निवडणुकीची ड्यूटी अमुक शाळेत लागते, तसा पॉड नोडवर लागतो. ‘तिसऱ्या नोडवर लागला’, ‘पेंडिंग आहे, अजून लागला नाही’. ‘शेड्यूलर’ हे नाम मी तसंच ठेवीन, क्रियापद मात्र मराठीच हवं.

‘कार्यभार’ तर नकोच. तो नवे आयुक्त स्वीकारतात. इथे साधं ‘कामं’ म्हणा.

इन्स्टॉलसाठी ‘बसवणे’. लॅपटॉपवर आपण सॉफ्टवेअर टाकतो, पण नळाला मीटर आणि विहिरीवर पंप बसवतो. बसवलेली वस्तू तिथेच राहून काम करत असते. व्होल्कॅनोसारखा वेगळा शेड्यूलर हेल्मने (कुबरनेटिसवर सॉफ्टवेअर बसवायच्या साधनाने) बसवला की तोही क्लस्टरवर पॉड म्हणूनच चालतो, आणि त्या पॉडला जागा देतो मूळचा शेड्यूलर! ही गोष्ट मला फार आवडते. म्हणून ‘शेड्यूलर बदलणे’ असंही लिहू नका, जुना आपल्या जागी असतोच.

मी असं लिहीन: ‘क्लस्टरवर कामं लावून देणारा शेड्यूलर बसवणे’. खाली एक सूचना जरूर जोडा: ज्या पॉडच्या ‘शेड्यूलरनेम’ या रकान्यात नव्या शेड्यूलरचं नाव असेल, तेवढेच पॉड त्याच्याकडे जातात. त्या नावात एक अक्षर जरी चुकलं, तरी पॉड कुठेच लागत नाही, पेंडिंगच राहतो.