ओप्पिएला नोव्हा हा मातीतला माइट (कोळ्यांच्या नात्यातला अगदी बारीक जीव) दिसतो कसा, आणि तो जगभर कसा काय सापडतो?

नुसत्या डोळ्यांना हा दिसायचा नाही. लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास, रंग फिकट तपकिरी. लॅक्टिक ॲसिडमध्ये ठेवून कवच पारदर्शक करायचं आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचं, तेव्हा कुठे ओळख पटते.

कीटकासारखे डोकं, छाती, पोट असे तीन भाग यात शोधू नका. पुढे छोटा निमुळता भाग, मागे गोलसर पाठकवच, एवढंच. डोळे नाहीत. पुढच्या भागाच्या मागच्या कडेशी दोन खोलगट खाचा असतात आणि प्रत्येकीतून एक संवेदी केस वर येतो. त्याचं टोक चातीसारखं फुगलेलं, त्यावर बारीक काटेरी लव. मी ओळखीची सुरुवात नेहमी या केसापासून करतो, कारण या कुळातल्या जाती दिसायला फार सारख्या असतात आणि या केसाचा आकार बराच उलगडा करतो. पाय मोजून काही हाती लागत नाही: प्रौढाला आठ, अळीला सहा, हे सगळ्याच जवळच्या जातींत तसंच. पोटाकडे दोन वेगळी झडपबंद दारं दिसतील, पुढचं जननद्वार, मागचं गुदद्वार. श्वासरंध्रं मात्र शोधूनही सापडत नाहीत. ती पाय जिथे बसतात त्या खोबणींत दडलेली असतात.

आता जगभर कसा? ओडेमान्स या डच शास्त्रज्ञाने 1902 मध्ये याचं वर्णन केलं. त्यानंतर जंगलं, कुरणं, नांगरलेली शेतं, थंड प्रदेश, उष्ण प्रदेश, सगळीकडून नोंदी आल्या. मुख्य खाणं बुरशी, आणि ती मातीत कुठे नाही? पण खरं कारण वेगळं आहे. यात नर जवळजवळ नसतातच. मादी फलनाशिवाय अंडी घालते आणि त्यातून माद्याच निघतात. वाऱ्याने, पाण्याने किंवा मातीच्या ढेकळाबरोबर एकटी मादी पोचली तरी वसाहत उभी राहते. हा प्रकार नवा नाही. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं, की तिच्या गुणसूत्रांच्या दोन प्रती एकमेकींपासून स्वतंत्रपणे बदलत गेल्या आहेत. दीर्घकाळ लैंगिक प्रजनन न झाल्याची ही खूण.

तरी 'जगभर एकच जात' हे मी जरा जपूनच म्हणेन. बाहेरून हुबेहूब दिसणारे, पण जनुकीय पातळीवर खूप दूर गेलेले वंश या एका नावाखाली आहेत.

स्वतः पाहायचा असेल तर पालापाचोळ्याखालची ओलसर माती बर्लेसे फनेलच्या, म्हणजे मातीतले जीव खाली उतरवून गोळा करायच्या नरसाळ्याच्या, जाळीवर पसरा, वर दिवा लावा, खाली 70 टक्के अल्कोहोलची बाटली ठेवा. माती वरून सुकत जाते तसे माइट खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. घाई करून दिवा प्रखर ठेवू नका. हे लहान जीव वाटेतच सुकून मरतात.